खळ घातलेला फिल्टर

ही गोष्ट १९९३ सालची. त्या वर्षी लाँड्रीतल्या थोरल्या सुनेचे पाय इतके दुखत होते, की रिकामी खुर्ची दिसली तरी तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं व्हायचं. सकाळी दुकान उघडलं की ती इस्त्रीच्या टेबलाशी उभी राही, ती थेट दुकान बंद होईपर्यंत. नवऱ्यापाशी तिचं एकच मागणं होतं, इस्त्रीला एक माणूस ठेवा. नवरा कशालाच नाही म्हणत नसे. तो ‘बघू’ म्हणे. सगळी गल्ली त्याला बघूशेठ म्हणायची.

त्या वेळी मात्र बघण्यासारखं काहीतरी होतं. पलीकडच्या चौकात नवं हॉटेल उघडलं होतं. त्यांनी जेवणाच्या टेबलावरचे रुमाल आधी नमुन्यादाखल धुवायला दिले होते. वेळेवर आणि स्वच्छ पोचले, तर कायमचं काम.

“काम मिळालं की माणूस ठेवू,” बघूशेठ म्हणाला. लग्नानंतर इतकं स्पष्ट तो प्रथमच बोलला होता, म्हणून तिनेही ते मनात घट्ट धरून ठेवलं.

कपडे पोचवायला दुकानाची एक जुनी व्हॅन होती आणि ती धाकट्या दिराच्या ताब्यात असे. तिचं मागचं दार लागत नव्हतं, ते सुतळीने बांधावं लागे. दार दुरुस्त करा, दार दुरुस्त करा म्हणून वहिनीने कितीदा सांगितलं, आणि एक दिवस भाऊजी चकचकीत खोक्यातून लालभडक एअर फिल्टर घेऊन आले.

“हे काय आणलंत?”

“गाडीचं नाक आहे, वहिनी. कंपनीने दिलेलं नाक चोंदलेलंच असतं. यातून गाडी मोकळा श्वास घेते. ताकद वाढते, वेग वाढतो, पेट्रोल वाचतं.”

“आणि दार?”

“दाराने कधी वेग वाढतो का?”

फिल्टर बसला. वेग काही वाढला नाही, आवाज वाढला. आधी गुरगुरणारी व्हॅन आता डरकाळ्या फोडू लागली. ती कोपऱ्यावर असतानाच गिऱ्हाइकं दार उघडून उभी राहायची.

“वेळ वाचला की नाही?” भाऊजी म्हणाले.

“पेट्रोल वाचलं का?”

“आता गाडी जोरात चालवावीशी वाटते. त्याला फिल्टर काय करणार?”

या फिल्टरचं मोठं कौतुक हे, की तो टाकून द्यायचा नसतो, धुऊन पुन्हा लावायचा. हॉटेलचे रुमाल पोचवायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी तो काढला, दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि धुवायला रॉकेल आणायला गेले. सासूबाईंचा नियम असा, की काउंटरवर आलेल्या वस्तूला नाव-गाव विचारत बसायचं नाही, हौदात टाकायची. त्यांनी ती वस्तू उलटीसुलटी केली. जाळीच्या आत सुती कापडाच्या बारीक चुण्या होत्या. ही हॉटेलातल्या दिव्याची शेड, आपली परीक्षा घ्यायला पाठवलेली, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी सोड्याने त्यातलं लाल रंगाचं तेल काढलं, नीळ दिली, मग खळ घातली. चुण्या थोड्या सैल वाटल्या म्हणून परत एकदा घातली.

भाऊजी आले तेव्हा फिल्टर दोरीवर वाळत होता, पांढराशुभ्र.

“अरे वा, आई, धुतलास पण?”

“नाजूक काम होतं. पण आता वर्षभर वाकायचं नाही ते.”

भाऊजी खूश झाले. आईला कुठल्या दिव्याची काळजी होती ते त्यांनी विचारलं नाही, आणि मुलगा ती शेड घेऊन गाडीकडे का चाललाय ते आईनेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रुमालांचं गाठोडं घेऊन वहिनी व्हॅनमध्ये बसली. हॉटेलवाल्यांशी बोलायला कोणीतरी हवं असं ती म्हणाली. खरं तर तेवढाच वेळ बसायला मिळणार होतं. गाडी कशीबशी सुरू झाली, खोकत खोकत निघाली आणि काळा धूर सोडत चढावर बंद पडली.

“पेट्रोलमध्ये भेसळ,” भाऊजींनी निदान केलं.

त्या काळी फोन करायचा तर दुसऱ्याच्या दुकानात जावं लागे. वहिनी चढ उतरून गेली, नवऱ्याला फोन केला, तो “बघतो” म्हणाला, आणि ती चढ चढून परत आली. भाऊजींनी इंजिनाचे प्लग काढले होते आणि ते काजळीने काळे झालेले प्लग हॉटेलच्या रुमालाने पुसत होते.

“एकच घेतला, वहिनी.”

“इस्त्रीचा होता तो.”

“म्हणून तर छान पुसलं गेलं.”

प्लग परत बसवले. गाडी चार आचके देऊन पुन्हा गप्प. प्लग पुन्हा काळे. दुसरा रुमालही गेला. ओरडायला अंगात जोर लागतो आणि वहिनीकडे तेवढाही उरला नव्हता. ती फूटपाथच्या कडेवर बसली.

“भाऊजी, काल गाडीत काय बदललं?”

“काही नाही. उलट फिल्टर धुतला.”

“काढा तो.”

“अहो, धूळ जाईल इंजिनात.”

“जाऊ दे. आई धुतील इंजिन.”

फिल्टर हातात येताच तिला कळलं. नखाने टिचकी मारली तर पत्र्यासारखा वाजला. “याला खळ आहे,” ती म्हणाली. “तोंडाला लावा आणि श्वास घेऊन बघा.”

भाऊजींनी लावला, ओढला, त्यांचे डोळे बाहेर आले, पण श्वास आत गेला नाही.

प्लग पुसायला तिसरा रुमाल तिने स्वतःच दिला. फिल्टरशिवाय गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

हॉटेलच्या मागच्या दाराशी मॅनेजरबाई हातावरच्या घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. त्यांनी गाठोडं सोडलं. “उशीर झाला. आणि हे तीन रुमाल?”

वहिनीला इस्त्रीचा माणूस लांब लांब जाताना दिसला. खोटं बोलण्याचाही तिला कंटाळा आला होता. “गाडी पुसली,” ती म्हणाली.

मॅनेजरबाई तिच्या काखेतल्या फिल्टरकडे बघत होत्या. “हे काय आहे?”

“गाडीचं नाक.”

त्यांनी ते हातात घेतलं, चुण्यांवरून बोट फिरवलं, जोरात दाबून पाहिलं. “पंख्यासारखी घडी करून ग्लासात उभे राहतील असे रुमाल हवेत आम्हाला. दोन लाँड्र्या झाल्या, सगळे माना टाकतात. या चुण्या कोणी केल्या?”

“चुण्या कंपनीच्याच. खळ आमच्या सासूबाईंची.”

“टिकते?”

“गाडी बंद पडली, बाई, पण चुणी मोडली नाही.”

मॅनेजरबाईंनी काळे रुमाल बाजूला सारले. “उद्यापासून पाठवा.”

पुढे सासूबाईंनी शेवटपर्यंत खळ दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. ती हॉटेलच्या दिव्याची शेड नव्हती, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. भाऊजींनी मोटारींच्या सजावटीचं दुकान काढलं. ते बरं चाललं. असले फिल्टर घ्यावेत का, असं कोणी विचारलं तर ते “आवाज आवडत असेल तर घ्या” एवढंच सांगत. बघूशेठने इस्त्रीला माणूस ठेवला. त्याला दुसरा इलाजच नव्हता, कारण भाऊजी आपल्या दुकानात गेल्यावर हॉटेलात रोज गाडी न्यायला कोणी उरलं नाही, आणि ते काम थोरल्या सुनेच्या गळ्यात पडलं. ती चाळिशीत गाडी शिकली. पहाटेची खेप, दुपारची खेप, संध्याकाळची खेप. बायका म्हणत, किती दगदग गं तुझी. ती म्हणायची, असू दे. बसून करायचं काम आहे.