मुकुंदअण्णांचं वातीचं पत्रक

मुकुंदअण्णा दर महिन्याला स्वतःच स्वतःला टपाल पाठवायचे. सेलूच्या पोस्टात जाऊन पेटीत टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे. करीमभाई पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की हे घाईनं आत पळायचे आणि दार लावून घ्यायचे. करीमभाईंनी कडी वाजवली की दार किलकिलं करून विचारायचे, "कोण? टपाल? माझं?"

"तुमचंच की. तुमीच तर टाकलंय काल."

"ते तुमी सांगायचं न्हाई, करीमभाई. गिऱ्हाइकाला कुठं म्हाईत असतंय?"

मग तो कागद हात लांब करून वाचायचे. कपाळाला आठ्या घालायचे. "कोण हाय हा माणूस? आपल्याला काहून पाठवलं?" असं स्वतःशीच म्हणायचे आणि कानावरची पेन्सिल काढून कागदावर खुणा करत बसायचे. दोन घरांमध्ये भिंत एकच, त्यामुळे हातात झाडू घेऊन मी हे सगळं बघायची. पहिल्यांदा वाटलं, याचं डोकं फिरलं. पुढंही माझं मत कधी धड ठरलं नाही.

अण्णा जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. नोकरी संपली तेव्हा त्यांच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या, कापसाची पारख आणि मोत्यासारखं अक्षर. दोन्हींचा उपयोग होईल असा धंदा त्यांनी शोधून काढला. देवाच्या वाती टपालानं विकायच्या. वात हलकी, लिफाफ्यात मावते, मोडत नाही, नासत नाही. शहरातल्या बायकांना वळायला वेळ नाही आणि आमच्याकडे कापूस ढिगानं. कापूस ते आणायचे, वळायला गल्लीतल्या आम्ही पाचजणी. माझ्या तंबाखूसाठी सुनेपुढे हात पसरायचा मला फार कंटाळा आला होता. त्या वातींनी ती कटकट संपवली. मला धंद्याकडून तेवढंच पाहिजे होतं.

पण अण्णांना माल विकण्याची घाईच नव्हती. त्यांना पत्रक काढायचं होतं. दोन्ही बाजूंनी छापलेला एक कागद, महिन्याच्या महिन्याला, सगळ्या गिऱ्हाइकांना.

मी म्हटलं, "अण्णा, वाती विकायच्या तर वाती विका. हे काय करायलात?"

"गयाबाई, पयलं घर दिसलं पायजे, मंग माल. परभणीच्या बाईनं पाकीट फोडलं की तिला आपलं घर दिसलं पायजे. बराबर हाय का न्हाई?"

हे 'बराबर हाय का न्हाई' ते प्रत्येक वाक्यामागं लावायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

स्टेशनाजवळ टायपिंगच्या क्लासात सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी लेखणीनं कोरून अक्षरं काढायची, मग तो कागद यंत्रावर चढवायचा आणि चाक फिरवायचं. कोरायला अण्णांना आठ दिवस लागायचे. त्या आठ दिवसांत त्यांच्याशी बोलायची सोय नसे. बोललं की लेखणी घसरायची आणि दोष आमच्यावर यायचा.

पहिल्या अंकाचं नाव होतं 'वात'. ते त्यांना कोरडं वाटलं, म्हणून दुसऱ्याचं 'ज्योत'. ते फार शहरी वाटलं, म्हणून तिसऱ्याचं 'सेलूची वात'. अक्षराचं वळण वेगळं, काठ वेगळा, शाईही वेगळी. एका बाईचं पत्र आलं की, तुमचं बघून सेलूतली आणखी दोन दुकानं आमच्या मागे लागली आहेत, तरी त्यांना आवरावे. अण्णा ते पत्र घेऊन पूर्ण दुपार ओट्यावर बसले. कोणत्या दुकानाला आवरायचं ते त्यांना कळेना.

पहिल्या पानावर समई पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. अण्णांचं अक्षर देखणं, पण चित्राचा हात नाही. समई काढायला गेले, ती जमेना, म्हणून पणती काढली. तिला वर देठासारखी ज्योत. लगोलग दोन कार्डं आली, वांग्याचं बी कोणत्या जातीचं आहे विचारणारी. पुढच्या अंकात चित्र तेच राहिलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं : 'हा दिवा आहे.'

वाचकांच्या पत्रांसाठी तर त्यांनी पहिल्याच अंकात जागा ठेवली होती. तेव्हा एकही वाचक नव्हता. म्हणून तीन पत्रं स्वतःच लिहिली. एकीनं विचारलं, फुलवात तुपात किती वेळ भिजवावी. एकानं नुसतीच स्तुती केली. तिसरा वाचक अण्णांनी तिरसट केला होता. वाती आखूड आहेत, कागद हलका आहे, तुम्हाला धंद्यातलं काही कळत नाही, असं त्यानं लिहिलं. ते पत्र कोरून झाल्यावर अण्णा दिवसभर फुगून बसले, जेवलेसुद्धा नाहीत.

"लय वाईट बोललाय," मला म्हणाले.

"मंग खोडा की ते. तुमीच लिवलंय न्हाई का?"

"कसं खोडू? गिऱ्हाईक हाय."

मी वाती वळत बसले.

पत्रकात आणखी एक सदर होतं. त्याचं नाव 'घरचं'. त्यात अण्णा आपल्या घराची खबर द्यायचे. पूर्वेची भिंत यंदा पुन्हा लिंपून घेतली. आडाला पाणी वर आहे. मोठं पितळी पातेलं कल्हईला दिलं होतं, ते आलं. परसातल्या शेवग्याला शेंगा लागल्या, पण वरच्या फांदीला काठी पुरत नाही. घरात हे एकटेच, त्यामुळे खबर तरी कशाची असणार?

"वात घेणाऱ्या बाईला तुमच्या शेवग्याचं काय करायचंय?" मी विचारलं.

"घर दिसलं पायजे, गयाबाई."

चौथ्या अंकाला त्यांनी सगळी मांडणी बदलली. 'घरचं' आधी पहिल्या पानावर मध्यभागी होतं, ते उचलून मागच्या पानाच्या कोपऱ्यात नेलं. चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली आणि पुन्हा एकदा स्वतःला टपाल पाठवून खात्री करून घेतली. खूश होते. आणि त्याच महिन्यात मागण्या थांबल्या.

मागणीची पद्धत अशी होती. पुढच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक कुपन छापलेलं असे. नाव, गाव, कोणती वात, किती पुडे, आणि शेवटी 'तक्रार असल्यास'. ते कापायचं, भरायचं, पाठवायचं. आधी अशी कुपनं बऱ्यापैकी यायची. आता येईनात. श्रावण तोंडावर आलेला, वाती खपायचे तेच दिवस, आणि आमच्या टोपल्या भरून ओसंडायला लागल्या. अण्णा नवीन कापूस देईनात. माझा तंबाखूचा डबा खडखडला. सुनेनं तो वाजताना ऐकला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद व्हायचे, बसगाड्या जागच्या जागी थांबायच्या, टपालाच्या थैल्या अडकून पडायच्या. अण्णा म्हणाले, कुपनं थैलीत असतील. आम्ही थांबलो. बसगाड्या सुरू झाल्या, थैल्या आल्या. करीमभाईंनी गठ्ठाभर पत्रं आणून टाकली. त्यात एका बाईनं शेवग्याला लांब काठीपुढं विळा कसा बांधावा ते चित्र काढून कळवलं होतं. एकीनं पातेल्याची कल्हई टिकवायला काय करावं ते लिहिलं होतं. वातीचं कुणी नावच काढलं नव्हतं. एखाददुसरी मागणी आली असेल नसेल. माल टपालात टाकायचं काम अण्णा स्वतःच करायचे, आम्हाला त्यातलं कळत नसे.

अण्णांनी काठ बदलला. जांभळी शाई काढून हिरवी घेतली. पत्रकाचं नाव 'घरची वात' केलं. फरक शून्य.

आमच्यातली भागाबाई म्हणाली, "अण्णा, आता शेंगाच विका. त्याच खपायल्यात."

त्यांना काही सुधरत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. माणसं पत्रक आवडीनं वाचतात, पत्रं लिहितात आणि माल घेत नाहीत, हे कसलं गिऱ्हाईक?

शेवटी परभणीहून एका बाईचं पत्र आलं. अण्णांना त्यातलं अक्षर लागेना म्हणून माझ्याकडे दिलं. बाईनं लिहिलं होतं, 'मागणीचे कुपन कापायला घेतले की पाठीमागचे तुमचे घरचे अर्धे कापले जाते. आम्ही ते वहीत चिकटवतो. कापवेना, म्हणून वाती इथल्याच दुकानातून घेतल्या. राग नसावा.'

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण एवढं कळायला चौथी लागत नाही. मी कागद उजेडाकडे धरला. इकडून कुपन, तिकडून वेलबुट्टीतलं 'घरचं'. आम्ही पाचजणी अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मी सांगून टाकलं, "अण्णा, हे घरचं काढा. न्हाईतर आमी काही वळणार न्हाई."

"नाव बदलतो," अण्णा म्हणाले.

"नाव नगं."

"दिवा काढून टाकतो."

"अण्णा, घरचं काढा."

"ते ऱ्हाऊ द्या."

"काहून?"

"कोपरा मोकळा दिसंल."

"दिसू द्या."

त्या दिवशी ते 'बराबर हाय का न्हाई' म्हणाले नाहीत. आत गेले. पुढचा अंक निघाला तेव्हा कुपनामागचा कोपरा कोरा होता. त्या महिन्यात त्यांनी स्वतःला टपालही पाठवलं नाही.

आणि कुपनं आली. इतकी, की करीमभाईंनी ती दोन खेपांत आणून दिली. टोपल्या रिकाम्या झाल्या, नवीन कापूस आला, माझा डबा भरला. एकट्या अण्णांना आवरेना म्हणून त्यांनी निम्मी कुपनं मला वाचायला दिली. मी वाचायची, ते पत्ते लिहायचे. नाव, गाव, वात, पुडे. 'तक्रार असल्यास' हा रकाना कुणीच भरत नसे. एका कुपनावर तो भरलेला होता, म्हणून मी तोही वाचला.

"रघुनाथ. गाव पालम. फुलवात, एक पुडा. तक्रार : या महिन्याच्या पत्रकात घरचे छापलेले नाही. लिहिणाऱ्याची तब्येत बरी आहे का, ते कळावे."

वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. रघुनाथ म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ.

त्यांची आई गेली तेव्हाची गोष्ट. तेराव्याच्या पत्रिका अण्णांनी छापून घेतल्या होत्या. खाली नावं टाकताना रघुनाथचं नाव ओळीत बसेना. दुसरी ओळ केली तर काठाला लागत होती. म्हणून अण्णांनी नुसतं स्वतःचं नाव टाकलं आणि पुढं 'व परिवार' लिहिलं. रघुनाथनं ती पत्रिका भरल्या पंगतीत बघितली. ताटावरून उठला, बायकोला घेऊन पालमची बस धरली. अण्णा सगळ्यांना सांगत राहिले, "परिवारात तो आलाच की." तेव्हापासून दोघांचा अबोला. नऊ वर्षं झाली होती.

"अण्णा, तो गिऱ्हाईक कवापासून झाला?"

"पयल्यापासून."

"पयला अंक त्याला कुणी पाठवला?"

अण्णा शाईच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसले. ते आधीच घट्ट होतं.

"येक साधं कार्ड टाकायला काय झालंय तुमाला?"

"मी कसा लिवू? ताटावरून तो उठला." मग म्हणाले, "पत्रक सगळ्यांनाच जातंय. त्यात कुणी कुणाला लिवलं असं न्हाई होत."

उठून त्यांनी कपाटातून एक पाकीट आणलं. मागण्या बंद होत्या त्या महिन्यांतली चार कुपनं त्यात होती. छापलेली नव्हेत. वहीच्या कागदावर पट्टीनं रेघा ओढून, रकाने पाडून, आमचं कुपन हुबेहूब उतरवून काढलेलं. रघुनाथनंही मूळ कागदाला कात्री लावली नव्हती. या खेपेला मात्र छापलेलं कुपन होतं. मागं कोरं, कापायला काय?

मला असल्या वेळी बोलता येत नाही. कामाचं तेवढं बोलता येतं. मी म्हटलं, "कुपनामागं कापसाचा बाजारभाव टाका. तो कोण वहीत चिकटवणार हाय? आन् घरचं न्या पयल्या पानावर, होतं तिथं."

हे मला महिनाभर आधी सुचायला हवं होतं. पाच बायका ओट्यावर बसलो होतो, एकीलाही सुचलं नाही.

अण्णांनी लगेच नवा मेणकागद पाटावर घेतला. काठ काढला नाही, वेलबुट्टी नाही. सरळ 'घरचं' लिहिलं आणि खाली कोरायला लागले. मी त्यांच्या समोर बसून वाती मोजण्याचं सोंग करत होते. लेखणी थांबली तसं त्यांनी मला वाचून दाखवलं.

"पत्रक लिहिणाऱ्याचा उजवा गुडघा दोन महिन्यांपासून दुखतो. आडावरून पाणी आणवत नाही. गिऱ्हाइकांनी काळजी करू नये."

"चांगलं हाय," मी म्हटलं.

अण्णांनी मेणकागदावरची चूक बुजवायच्या लाल औषधाची बाटली उघडली, कुंचला निथळून घेतला आणि शेवटचं वाक्य एकेक अक्षर करत बुजवून टाकलं.