दोन नग बेअरिंग, समसमान

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली हा नवा जिल्हा झाला, तेव्हा आमच्या खात्याच्या भांडारातल्या प्रत्येक वस्तूचं दोन जिल्ह्यांत समसमान वाटप करावं असा आदेश निघाला. वाटपाचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते काटेकोरपणे केलं. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझा दोष नाही असं तुम्हाला वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

खुर्च्या एक्केचाळीस निघाल्या. वीस इकडे, वीस तिकडे, आणि एक्केचाळिसावी सहा-सहा महिने दोन्हीकडे राहील असं ठरलं. पहिल्याच फेरीत ती वाटेत औंढ्याला उतरवून घेतली गेली. सध्या तिच्यावर कोण बसतं ते कळलेलं नाही. लोखंडी कपाट आमच्या, म्हणजे हिंगोलीच्या, वाट्याला आलं, किल्ल्या परभणीच्या. नियमपुस्तिकेचे दोन भाग होते. पहिला त्यांना गेला, दुसरा आम्हाला आला, त्यामुळे आमच्याकडे अपवाद सगळे आहेत, नियम एकही नाही. तरी काम अडलेलं नाही.

शेवटच्या दिवशी एक सीलबंद खोका निघाला. आत तेलकट कागदात गुंडाळलेली दोन बेअरिंगं होती, साखरा गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी मागवलेली. खोक्यावर इंग्रजीत लाल अक्षरांत एक इशारा होता. मी तो वाचला. ही जोडी वेगळी करू नये, अशा अर्थाचा होता. पण इशारा कारखान्याचा आणि आदेश शासनाचा. कारखान्याच्या खोक्याने शासनाला शहाणपण शिकवावं हे मला पटलं नाही. मी सील फोडलं, एक नग त्यांच्या ट्रकमध्ये घातला, एक आमच्या. रिकामा खोकाही मधोमध कापून वाटला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

साखऱ्याच्या पंपाविषयी थोडं सांगायला हवं. तिथल्या विहिरीत साठ फुटी लोखंडी शाफ्ट उभा सोडलेला आहे. वर मोटार, खाली पाणी उचलणारे पंखे. पंखे पाण्याला वर रेटतात आणि पाणी उलट पंख्यांना खाली दाबतं. हा दाब अधिक शाफ्टचं स्वतःचं वजन, एवढा सगळा उभा भार मोटारीजवळ एकावर एक बसवलेल्या दोन बेअरिंगांवर येतो. शाफ्ट गरगर फिरत असताना त्या दोघांनी मिळून तो तोलून धरायचा असतो. एकट्याच्या आवाक्यातलं ते काम नाही, म्हणून तर दोन दिलेली असतात. आठ गावांचं पाणी त्या दोघांवर चालतं.

पंप मसाजी चालवायचा. अकरा वर्षं रोजंदारीवर. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव वर गेलेला होता आणि ‘कामात कसूर नाही’ एवढा एकच दाखला बाकी होता. त्याची बायको चंद्रभागाबाई मेंढरं राखायची. दर बाजारच्या दिवशी ती कार्यालयाच्या दारात उभी राहून “कागद आला का भाऊसाहेब?” एवढंच विचारायची आणि निघून जायची.

२००० सालच्या फेब्रुवारीत पंपाची जुनी बेअरिंगं झिजली. आमच्या वाट्याचं एक होतंच. साहेबांनी, म्हणजे आमच्या उपअभियंत्यांनी, त्याच नंबरचं दुसरं बाजारातून आणवलं, आणि बसवायला कनेरगाव नाक्याहून हिरासिंग मिस्त्रीला बोलावलं. हिरासिंगने दोन्ही बेअरिंगं शेजारी ठेवली, वरून एक पोलादी पट्टी टेकवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

“साहेब, ही जोडी न्हाई.”

साहेबांनी दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. “नंबर तोच. माप तेच. मग जोडी का नाही?”

“नंबर बराबर हाय, माप बी बराबर हाय. पर जोडीतल्या दोघायच्या कडा कारखान्यात संगंच घासून एका पातळीत आणत्यात. केसाइतका जरी फरक ऱ्हायला, तर एकच बेरिंग समदं वजन धरतंय, दुसरं नुसतं संगं फिरतंय. बैलाचंच पाहा ना. एकाच्या मानंवर जू टेकलंच न्हाई तर तो नुसता चालतो, अन् नांगर दुसराच ओढून राहिला.”

“हे शासकीय बेअरिंग आहे,” साहेब म्हणाले. “काम करायचं की नाही हे त्याने ठरवायचं नाही.”

“त्याला आपली भाषा कळत न्हाई साहेब.”

“लेखी दिलं की सगळ्यांना कळते.”

त्याच दुपारी मी परिपत्रक टाइप केलं. ‘साखरा पंपगृहातील उभय बेअरिंगांनी प्राप्त अक्षीय भार प्रत्येकी पन्नास टक्के याप्रमाणे वाहावा. यात कसूर झाल्यास गंभीर दखल घेतली जाईल.’ एक प्रत मोटारीवर चिकटवली, एक नस्तीला लावली आणि तिसरीवर पोच घ्यायची होती. बेअरिंगांना सही करता येत नाही. म्हणून त्यांच्या वतीने मसाजीची सही घेतली.

“ह्यात माझं काय काम भाऊसाहेब?” त्याने विचारलं.

“तू जागेवर हजर असतोस म्हणून,” मी म्हणालो. त्याने सही केली. गरीब माणूस, सही कर म्हटलं की करतो.

आठवडाभरात मसाजीचा पहिला अर्ज आला. बेअरिंगची पेटी तापून राहिली, हात ठेववत नाही. साहेबांनी तापमान किती ते विचारलं. मसाजीकडे मोजायला काही नव्हतं, तेव्हा रीतसर मागणी करून, मंजुरी घेऊन त्याला तापमापी पाठवली. तिने नव्वद अंश दाखवले. साहेबांनी क्षणभर विचार केला.

“बेअरिंगं किती आहेत?”

“दोन,” मी म्हणालो.

“म्हणजे प्रत्येकी पंचेचाळीस. हिंगोलीच्या उन्हात माणूससुद्धा एवढा तापतो. लिहा, तापमान मर्यादेत.”

मी लिहिलं.

मसाजी स्वतःच्या सायकलवर जाऊन हिरासिंगला पुन्हा घेऊन आला. मिस्त्रीने लोखंडी सळईचं एक टोक पेटीला आणि दुसरं कानाला लावलं, आणि सांगितलं की खालून खरखर येऊन राहिली, वरून कसलाच आवाज नाही. हे साहेबांच्या कानावर घातलं तेव्हा ते प्रसन्न झाले. “वरचं बेअरिंग गाजावाजा न करता काम करतंय. याला शिस्त म्हणतात. खालच्याला समज द्या.” समज पाठवली. पोच मसाजीने दिली.

मग भारवाटपाचा साप्ताहिक तक्ता सुरू झाला. त्यात वरच्या बेअरिंगचा भार, खालच्या बेअरिंगचा भार आणि एकूण, असे तीन रकाने होते. मसाजीने पहिल्या आठवड्यात लिहिलं: वरचं काही न्हाई, खालचं समदं. तक्ता परत गेला, कारण माहिती आकड्यांत हवी होती. दुसऱ्यांदा त्याने शून्य आणि शंभर असं लिहिलं. बेरीज बरोबर होती, पण वाटप मंजूर प्रमाणात नव्हतं. तिसऱ्यांदा त्याने कोरा तक्ताच पाठवला. तेव्हा त्याला उगाच नोटीस जायला नको म्हणून मीच पन्नास-पन्नास भरून टाकले. माणुसकी नावाची काही गोष्ट असते.

एप्रिलच्या मध्यावर खालचं बेअरिंग जाम झालं आणि पंप बसला. आठ गावांचे नळ कोरडे पडले. सेनगावहून टँकर निघायचे, पण साखऱ्याला पोचेपर्यंत त्यांचं वाटप झालेलं असायचं. चंद्रभागाबाई रोज मेंढरं दोन कोस हाकत पाण्यावर न्यायची. पाच कोकरं वाटेतच गेली. मसाजी घरी गेला नाही. लोक येऊन त्याला शिव्या घालायचे, तो ऐकून घ्यायचा आणि पेटी उघडायला माणूस कधी येतो ते विचारायला कार्यालयात यायचा.

पेटी उघडली. खालचं बेअरिंग निळंकाळं पडलेलं, आतले छर्रे फुटलेले. वरचं नव्या नवरीसारखं चकचकीत. त्याच्यातलं ग्रीससुद्धा होतं तसं होतं.

त्रिसदस्यीय चौकशी समिती बसली. समितीच्या अहवालानुसार, खालच्या बेअरिंगने मंजूर पन्नास टक्क्यांहून अधिक भार पूर्वपरवानगीशिवाय स्वतःकडे घेतला आणि त्यामुळे शासकीय मालमत्तेचं, म्हणजे स्वतःचं, नुकसान केलं. वरच्या बेअरिंगबद्दल ‘सुस्थितीत, संपूर्ण सेवाकाळात एकही तक्रार नाही’ असा शेरा मिळाला. ते बेअरिंग आता साहेबांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं असतं. म्हणजे शेवटी त्यालाही कार्यालयातच काम मिळालं.

राहिली माणसांची जबाबदारी. कागदांवर सह्या पाच जणांच्या होत्या, म्हणून समितीने ती प्रत्येकी वीस टक्के अशी वाटून दिली. वाटप समसमान होतं आणि कोणाचीच हरकत नव्हती. मग एकेक अडचण निघत गेली. साहेबांना बढतीवर बदली मिळाली, आणि एका जिल्ह्यातली जबाबदारी दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नाही. खरेदी पाहणारे अव्वल कारकून चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. म्हाताऱ्या माणसाचं पेन्शन अडकवणं कोणाला बरं वाटेल? शाखा अभियंत्यांनी बेअरिंगं तपासल्याचा दाखला दिला होता, पण त्या दिवशी ते रजेवर होते असं आढळलं. अर्थात तपासणी झालीच नव्हती, आणि न झालेल्या तपासणीची जबाबदारी कशी टाकणार? माझे वीस टक्के खोक्यावरच्या इशाऱ्याशी निगडित होते. आमच्याकडच्या अर्ध्या खोक्यावर इशाऱ्याचा अर्धाच मजकूर होता आणि त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

मसाजीबाबत मात्र कोणतीच अडचण निघाली नाही. बेअरिंगांनी भार कसा वाहावा याच्या परिपत्रकावर, आणि पुढच्या समजपत्रावरही, त्यांच्या वतीने त्याचीच सही होती. चार जणांचे ऐंशी टक्के त्याच्या विसांत मिळवले. बेरीज बरोबर शंभर आली. त्याला कामावरून कमी केलं. रोजंदारीवर असल्यामुळे त्याला नोटीस द्यायचीही गरज पडली नाही. कायम करण्याचा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला.

नवराबायको दोघं एका दुपारी माझ्या टेबलापाशी आले. मसाजी भिंतीला टेकून उभा राहिला. बोलली ती चंद्रभागाबाईच.

“भाऊसाहेब, तुमी एक वळ लिहून द्या. खोक्यात जोडी व्हती अन् हापिसानं ती फोडली, येवढंच. बाकी आमी पाहून घेतो.”

“मला वर विचारावं लागेल,” मी म्हणालो.

“वर कोन हाय? अकरा साल झाले, आमाला तर कोनी दिसलं न्हाई. अन् खोका फोडला तवा हात तुमचेच व्हते न्हवं?”

“चल गं,” मसाजी म्हणाला. “त्यायला काहून तकलीफ देतीस? त्यायला बी लेकरंबाळं हाईत.”

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. तिने रागावून आणखी दोन शब्द सुनवले असते तर कदाचित मी ती ओळ लिहिलीही असती. पण मसाजीनेच माझी बाजू घेतली, मग मी तरी काय करणार? त्या दिवशी मला डबा अर्धाच गेला.

पुढे कारखान्यातून न फोडलेली जोडी आली, हिरासिंगने ती बसवली आणि साखऱ्याला पाणी सुरू झालं. ग्रामसभेत मसाजीला परत घ्यावं असा विषय निघाला. तो आधीपासून सांगून राहिला होता, यावर सगळ्यांचं एकमत होतं. टाळ्याही झाल्या. ठरावाला सूचक म्हणून नाव कोणाचं लिहायचं एवढाच प्रश्न होता. नवा नळ मागितलेला, पाणीपट्टी थकलेली, पुतण्याचा अर्ज आमच्याच कार्यालयात पडलेला, असे ज्याचे त्याचे नाइलाज निघाले. ठराव सर्वानुमते मनातल्या मनात मंजूर झाला.

आता मसाजीने अपील केलं आहे. तो अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला आहे. कागद पूर्ण आहेत. फक्त शेवटी साक्षीदाराचा एक रकाना आहे, तो रिकामा आहे. साक्षीदाराला सगळी हकीकत ठाऊक हवी. तो आमच्या खात्याचा कर्मचारी नसावा, साखऱ्याचं पाणी पिणारा नसावा, आणि त्याला लिहितावाचता यावं. एवढ्या अटींत बसणारा माणूस आमच्या भागात मिळणं कठीण, असं मी कळवणारच होतो. पण तुम्ही इथवर वाचलंत. तुम्हाला सगळं पहिल्यापासून ठाऊक झालं आहे. शिवाय तुम्ही माझ्यावर चिडलेले दिसता, म्हणजे न्यायाची चाडही आहे. पेन उघडून बसलो आहे. नाव सांगा.

काय म्हणालात? तुम्ही नुसती गोष्ट वाचत होता?

बरं. तसा शेरा मारून ठेवतो.