आतली तपासणी

मेहकरच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या इंद्रभानने अंतर्गत हिशेब तपासणीच्या परीक्षेला तिसऱ्यांदा नाव दिलं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची खेप. पास झाला तर हिशेब तपासनीस, नाहीतर जन्मभर पाकिटांवर शिक्के. दोनदा नापास झाल्यामुळे यंदा त्याने बायकोजवळही परीक्षेचं नाव काढलं नव्हतं. आठ दिवसांची रजा टाकून तो खोलीचं दार लोटून बसला.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सोजराबाई नातवाच्या बारशाचं आवतण घेऊन आल्या. बायकोने, अन्नपूर्णाने, दाराच्या फटीतून विचारलं, "काय सांगू त्याइले?"

इंद्रभान तपासणीची उद्दिष्टं पाठ करत होता आणि पाचवं नेमकं निसटत होतं. "सांग, रविवारी बुलढान्याले आतली तपासनी हाये!" तो खेकसला.

अन्नपूर्णाने शब्दन् शब्द तसाच पोचवला. सोजराबाई मटकन ओट्यावर बसल्या. "आतली? थेट बुलढान्याले? म्हंजे इथल्या डाक्टरनं हात टेकले का वं?"

"मले काय मालूम बाई! कालपासून दार लावून एकटेच पुटपुटून राह्यले," अन्नपूर्णा म्हणाली आणि तिलाही रडू आलं.

संध्याकाळपर्यंत अर्धी आळी विचारपूस करून गेली. कुणी गुळवेलीचा काढा आणला, कुणी कडुनिंबाचा. प्रत्येक जण समोर उभं राहून पाजायचा. इंद्रभान शेवटी ओरडला, "अवो, माह्यी तपासनी नाही! मीच दुसऱ्याइची आतली तपासनी करनार हाये!"

 सोजराबाई हळूच म्हणाल्या, "डोक्यात गेलं वाटते."

गुरुवारी वरवट बकालहून सासरे उकंडराव एस.टी.ने येऊन थडकले. "जवाईबापू, काऊन लपवलं? पोरगी पोस्टकार्डावर रडली ना माह्यी!" त्यांनी पुस्तकं गोळा करून फळीवर ठेवली आणि स्वतः दाराशी पहाऱ्याला बसले.

शुक्रवारी बातमी ऐकून कचेरीतले हेडक्लार्क वामनराव आले. सोबत मोसंबी होती. "इंद्रभानजी, काळजी नका करू. परीक्षेच्या यादीतून तुमचं नाव कमी करा असं पत्र तयार केलं. आजच्या टपालानं जाते. तब्येत पह्यले, परीक्षा होईन कवाबी."

 इंद्रभानने वामनरावांचे पाय धरले. ते म्हणाले, "डाक्टरचा दाखला आना, पत्र फाडतो. पन टपाल पाच वाजता जाते."

साडेतीनला इंद्रभान दवाखान्यात होता. मागे सासरे होतेच.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग आलात कशाला?"

"तेच लिहून द्या."

डॉक्टरांनी पोट दाबलं. आतले सगळे काढे एकदम बोलले. इंद्रभानने श्वास रोखला आणि चेहरा हसरा ठेवला. 'शरीरात कोणताही दोष नाही' असा दाखला हातात पडताच तो पायजम्याची नाडी सावरत कचेरीकडे पळाला. पत्र फाटलं तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती.

रविवारी पेपरात पहिलाच प्रश्न आला: तपासनिसाने ऐकीव माहितीवर का विसंबू नये? उदाहरण द्या. इंद्रभानने उदाहरणालाच चार पानं लावली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. त्याने हौसेने सासऱ्यांना कार्ड टाकलं, 'अंतर्गत तपासणीत उत्तीर्ण झालो.' चौथ्या दिवशी उकंडराव पेढे घेऊन हजर झाले.

"साऱ्या वरवट बकालात वाटून आलो! सरकारनं लिहून देल्लं म्हनलं, जवायाच्या आत काहीच निघालं नाही!"

नव्या हिशेब तपासनिसाने आक्षेप घ्यायला तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि आपल्यावर इतकी माया करणारा माणूस इंद्रभानला दुसरा आठवेना. उघड्या तोंडात त्याने पेढा टाकला.

"हाव मामाजी," तो म्हणाला, "सारं साफ निघालं."