विषम फ्लॅटना मध्यंतरापर्यंत

मांजलपूरच्या श्रमसाफल्य सोसायटीत बारा फ्लॅट आहेत, आणि १९९५ च्या जूनमध्ये असे निदर्शनास आले की प्रत्येक फ्लॅट घरबसल्या सिनेमा पाहण्यावर दरमहा सरासरी चौऱ्याऐंशी रुपये उधळतो. हे निदर्शनास आणणारे गृहस्थ म्हणजे आमचे चेअरमन फत्तेसिंहराव, फ्लॅट नंबर तीन. एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. आजोबा संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होते. घोड्यांना हरभरा मोजून घालायची त्यांची शिस्त नातवाने घरच्या माणसांना लावली आहे. मी फ्लॅट नंबर सात. पुढच्या प्रत्येक ठरावावर माझी सही आहे, हे आधीच सांगून टाकतो, उगाच नंतर कुणी उकरायला नको.

आता या सगळ्याला निमित्त काय, तर फत्तेसिंहरावांच्या पत्नी शालिनीवहिनींनी दहा रुपये मागितले. १९७३ साली त्या एक सिनेमा पाहायला गेल्या होत्या. सिनेमातली गरीब आई आपलं तान्हं मूल श्रीमंत जावेच्या ओटीत घालते, तिथे मध्यंतर झालं आणि इकडे वहिनींच्या पोटात कळा सुरू झाल्या. थेटरातून थेट दवाखान्यात. मयंक झाला. तो आता बावीस वर्षांचा घोडा झाला, पण त्या आईने आपलं मूल परत घेतलं की नाही हे वहिनींना अजून कळलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या धवलभाईच्या व्हिडिओ लायब्ररीत ती कॅसेट आल्याचं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, एका दिवसासाठी आणा ना. दहा रुपये तर भाडं आहे.”

“आणू की,” फत्तेसिंहराव म्हणाले. “पण पद्धतशीर आणू.”

इथेच वहिनींनी कपाळाला हात लावायला हवा होता. पण बिचाऱ्या खूश झाल्या.

रविवारी सोसायटीची सभा भरली. गृह-चित्रपट मनोरंजन काटकसर समिती स्थापन झाली. बारा घरांनी बारा कॅसेट आणि बारा व्हीसीआर भाड्याने आणणे हा राष्ट्रीय अपव्यय आहे, देशात आता खुली अर्थव्यवस्था आली आहे, अशा वेळी तर फारच सांभाळून राहिलं पाहिजे, असं फत्तेसिंहरावांनी पटवून दिलं. यापुढे बारा घरांत मिळून एक मशीन, एक कॅसेट. धवलभाईने घसघशीत सवलत दिली, अट एकच, बिल समितीच्याच नावे. खर्च दर घरामागे महिना वीस रुपयांवर आला. सभासदांनी मात्र पूर्वीप्रमाणेच चौऱ्याऐंशी भरायचे होते.

“ते का?” चार नंबरच्या मृदुलाने विचारलं. ती सोसायटीतली नवी सून, तिला रीतभात माहीत नव्हती.

“का म्हणजे? वीस खर्च आणि चौसष्ट बचत,” फत्तेसिंहराव म्हणाले. “भरलेच नाहीत तर वाचणार कुठून?”

टाळ्या झाल्या.

वेळेचं वाटप अगदी न्याय्य होतं. भाडं चोवीस तासांचं, घरं बारा, म्हणजे प्रत्येक घराला दोन तास. त्यातला अर्धा तास मशीन उचलणे, वायरी जोडणे आणि हेड पुसणे यात जाणार. उरला दीड तास. सिनेमा तीन तासांचा. कॅसेट दर घरी मागे फिरवली तर वीज आणि फीत दोन्ही झिजतात, म्हणून पहिल्या घराने जिथे सोडली तिथूनच पुढच्या घराने सुरू करायची आणि ती संपली की मगच मागे फिरवायची, असं ठरलं. थोडक्यात, विषम फ्लॅटना मध्यंतरापर्यंत आणि सम फ्लॅटना मध्यंतरानंतर. शालिनीवहिनींचा फ्लॅट तीन नंबरचा. त्यांनी बावीस वर्षांपूर्वी पाहिलेला अर्धा सिनेमा पुन्हा एकदा, मन लावून, पाहिला. मूल जावेच्या ओटीत पडलं आणि चार नंबरवाले मशीन न्यायला दारात उभे राहिले.

“अहो, पुढचं?”

“पुढचं चार नंबरला,” फत्तेसिंहराव म्हणाले. “तू मध्यंतरापर्यंतचं नीट आठवणीत ठेव.”

पुढच्या रविवारी समितीने बचतीत बचत म्हणून तीच कॅसेट पुन्हा मागवली. दुसऱ्यांदा घेतल्यावर भाडं निम्मं होतं. मृदुला म्हणाली, “काकी, तुम्ही आमच्याकडे या ना. उरलेलं आमच्याकडे बघा.” वहिनी पदर खोचून निघाल्यादेखील. पण ही पळवाट समितीने बुजवून ठेवली होती. आज एक शेजारीण आली तर उद्या सगळेच विषम लोक सम घरांत बसतील, मग बारा हिश्शांना अर्थ काय राहिला? भरारी पथक म्हणून प्रतापरावांची नेमणूक झाली होती. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला कामच नव्हतं. ते प्रत्येक दाराबाहेरच्या चपला मोजत. चार नंबरबाहेर एक जोड जास्त निघाला.

“वहिनी, मला वाईट वाटतं,” प्रतापराव म्हणाले, “पण चेअरमनसाहेबांच्याच घरची चप्पल आहे म्हटल्यावर सोडता येत नाही. लोकं काय म्हणतील?”

वहिनी घरी परतल्या. सोमवारी त्या स्वतःच्या भाजीच्या पैशांतून दहाची नोट घेऊन लायब्ररीत गेल्या. धवलभाई हात जोडून म्हणाला, “माफ करजो काकी. तुमच्या कमिटीने लिहून घेतलंय, सोसायटीच्या एकट्या घराला द्यायची नाही. नाहीतर आमचा करार फोक, रद्द. साहेबांचीच सही छे, बघा.”

हे ऐकून मला राग आला होता, खरंच आला होता. पण त्याच महिन्यात समितीने मला उपसचिव केलं आणि राग आवरता घ्यावा लागला.

दिवाळीनंतर काटकसरीचा दुसरा टप्पा आला. एकच सिनेमा बारा टीव्हींवर बारा वेळा लावायचा म्हणजे विजेची नासाडी. तेव्हा सर्वांच्या वतीने एकाने पाहावा आणि लेखी अहवाल घरोघरी फिरवावा, असा ठराव आला. प्रतिनिधी म्हणून नारायणरावांची निवड झाली. करजणच्या एका कचेरीत त्यांनी तीस वर्षं सभांची टिपणं लिहिली होती. वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा समितीला अर्ज केला. पहिला सिनेमा तोच असावा. अर्ज मंजूर झाला. अहवाल आला तेव्हा वहिनींनी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकली आणि धावत येऊन कागद घेतला.

“नायक व नायिका यांची बागेत भेट झाली. एक गाणे झाले. नायकाचे अपघाती निधन झाल्याने दुःख व्यक्त करण्यात आले. मूल हस्तांतरित करण्यात आले. मध्यंतर. त्यानंतर कोर्टात उभय बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्यात आले. शेवट समाधानकारक. आयत्या वेळचे विषय नव्हते.”

“भावोजी, तिने मूल परत घेतलं का?” वहिनी तशाच नारायणरावांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“वहिनी, आता कसं सांगू?” नारायणराव ओशाळले. “त्या वेळी मी खाली मान घालून लिहीत होतो. पडद्याकडे बघू की टिपण घेऊ?”

“मग समाधानकारक कशावरून?”

“ते आम्ही नेहमीच लिहितो.”

वर्ष संपलं तेव्हा निधीत नऊ हजार तीनशे रुपये जमले होते. इतकी बचत आसपासच्या एकाही सोसायटीत झाली नव्हती. एवढ्या मोठ्या यशाचा समारंभ नको का? नक्कीच हवा. कॉमन प्लॉटवर मांडव पडला. शाली आल्या, नारळ आले, बारा घरांना पुरून उरेल इतकं आइस्क्रीम आलं, आणि सोहळ्याचं व्हिडिओ शूटिंगही झालं. आदर्श बचत-गृहिणी म्हणून शालिनीवहिनींना स्टीलचा डबा मिळाला. हिशेबाअंती अठरा रुपये उरले. शूटिंग उतरवायला कोरी कॅसेट सत्तर रुपयांची. पण फत्तेसिंहराव डगमगले नाहीत. धवलभाई लायब्ररी मोडून केबलचा धंदा टाकत होता आणि जुन्या कॅसेटी पंधरा रुपयांना काढत होता. त्यांनी त्यातली एक उचलली, तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होावं म्हणून कडेच्या खाचेवर सेलोटेप चिकटवली आणि शूटिंगवाल्याला दिली.

रविवारी दुपारी सोहळा पाहायला सगळी सोसायटी तीन नंबरमध्ये जमली, चपलांची मोजणी रद्द करून. वहिनींनी कॅसेट हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उजळला. पाठीवरचं जुनं लेबल पेनने खोडलं होतं, तरी वाचता येत होतं.

“अगं बाई, ही तर तीच! म्हणजे आता आपल्याच मालकीची झाली?”

“पंधरा रुपयांत,” फत्तेसिंहराव म्हणाले.

“मग आधी सिनेमा लावा. पहिल्यापासून लावा. अहो, एवढं ऐकाच माझं.”

लावला. दीड तास त्या मांडीवर हात ठेवून, पापणी न हलवता बसल्या होत्या. आईने मूल जावेच्या ओटीत घातलं. मध्यंतराची पाटी आली. पडद्यावर मुंग्या आल्या. आणि शाल पांघरलेले फत्तेसिंहराव माइकसमोर उभे राहून म्हणाले, “मित्रहो, बचत म्हणजे काय?”

खोलीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

“आणि पुढचा सिनेमा?” वहिनींनी विचारलं.

“त्याच्यावरच तर उतरवलंय! पहिला अर्धा तुला आवडतो म्हणून मुद्दाम ठेवायला सांगितला. पंचावन्न रुपये वाचले.”

वहिनी उठल्या. आवाज चढवला नाही. “मी दहा रुपये मागितले होते हो. बावीस वर्षांत एकदा. दहा रुपये आणि तीन तास. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याचे नऊ हजार वाचवलेत, आणि तेही खाऊन मोकळे झालात.” त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

फत्तेसिंहराव नारायणरावांना हळूच म्हणाले, “हे टिपणात घेऊ नका.” त्यांनी घेतलं नाही. आम्ही भाषण शेवटपर्यंत पाहिलं.

वाचकहो, तुम्ही हसलात, चांगलं केलंत. तुम्ही काही फत्तेसिंहराव नाही. तुमच्या घरातही कधीतरी कुणीतरी असंच काहीतरी दहा रुपयांचं मागितलं होतं, आणि तुम्ही ‘बघू’ म्हणाला होतात. काय मागितलं होतं ते आठवतंय का? नसेल आठवत, तर हा कागद खाली ठेवा आणि आत जाऊन विचारा. तिला महिना आणि सालासकट सांगता येईल.