चौथ्या मजल्यावरच्या आजी

"ग्रुप चालवायचा तर डोकं लागतं!" चष्म्याचं दुकान चालवणारे काका छाती फुगवून सांगत. इमारतीच्या ग्रुपचे ते अ‍ॅडमिन. पण त्यांनी कितीही डोकं चालवलं तरी ग्रुपवर कुणी चकार शब्द काढत नसे. शेवटी सेक्रेटरींनी बजावलं, "या आठवड्यात जाग आली नाही तर ग्रुप बंद!"

काकांची झोप उडाली. मग त्यांनी बायकोच्या जुन्या फोनवरून चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या घरात एक आजी राहायला आणल्या. आजींनी ग्रुपवर विचारलं, "नळ सारखा ठिबकतोय हो. काय करावं?"

झालं! तोंडाला कुलूप घालून बसलेली माणसं सुटलीच. वॉशर बदला! नळ बदला! प्लंबर बदला! आजी प्रत्येकाचे आभार मानत होत्या.

"बघितलंस? याला म्हणतात ग्रुप!"

"अंगाशी येईल हं," बायको म्हणाली.

पण काकांना चेव चढला होता. शनिवारी जेवण झाल्यावर आजींचा पाय मुरगळला. "उठताच येत नाही," एवढं लिहून काकांनी फोन खिशात टाकला आणि ताणून दिली.

जाग आली ती जिन्यातल्या धडधडीने. सगळी इमारत चौथ्या मजल्यावर! सुतार दाराचं लॅच तोडत होता. दातांचे डॉक्टर बॅग घेऊन हजर होते. आणि तळमजल्यावरच्या नर्सबाई, ज्यांचे स्वतःचेच गुडघे धड नव्हते, गरम पाण्याची पिशवी छातीशी धरून कठड्याला टेकल्या होत्या.

"अहो, थांबा! आत कुणी..."

"बाजूला व्हा, काका! आजी एकट्या आहेत!"

दार उघडलं. आत नुसती धूळ.

"फोन लावा त्यांना!" सेक्रेटरी ओरडले.

काकांच्या खिशात घंटी वाजली.

सगळ्यांच्या नजरा त्या खिशाकडे वळल्या. मग नर्सबाईंनी धापा टाकत विचारलं, "म्हणजे... पाय बरा आहे ना?"

"बरा आहे," काका पुटपुटले. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं! शरमेने त्यांची मान वर होईना.

संध्याकाळी काकांना ग्रुपमधून काढलं. आजींना मात्र ठेवलं. "त्या निदान आभार तरी मानतात," असं लिहून सेक्रेटरींनी त्यांनाच अ‍ॅडमिन केलं. खाली लगेच नर्सबाईंचा मेसेज आला. ग्रुपवरचा त्यांचा पहिलाच.

"आजी, माझी पिशवी वरच राहिली. आज गुडघे फार दुखतायत. काकांच्या हाती पाठवता का?"

काकांनी आजींच्या फोनवरून "हो" लिहिलं आणि मुकाट्याने चप्पल घातली.