नावं चालू असताना बोलायचं नाही

रेडिओवर गाणं लागलं की लोक गप्प होतात. आमच्या शेजारचे रंगनाथमामा गाणं लागलं की बोलायला सुरुवात करायचे.

बुधवारी आणि रविवारी दुपारी जुन्या गाण्यांचा फर्माईशी कार्यक्रम असे. प्रत्येक गाण्याआधी निवेदिका फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायची. जिंतूरहून अमुक, बोरीहून तमुक, आणि त्यांचा सर्व परिवार. ही नावं चालू असताना मामांच्या ओट्यावर कोणी बोललेलं, खोकलेलं किंवा चहाची बशी वाजवलेली चालत नसे. आतमध्ये मामी हातातलं लाटणंसुद्धा थांबवायच्या. नावं संपून गाणं सुरू झालं की मामा आवाज कमी करायचे, मांडी बदलायचे आणि मला म्हणायचे, "हां मुनीमजी, काय म्हनत होते तुमी?"

तिकडे गायिकेने जीव ओतलेला असायचा आणि इकडे मामा मला सरकीचा भाव विचारत असायचे.

मी तेव्हा मानवतला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायला होतो, म्हणून मुनीमजी. मामा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मामा रेडिओवरची नावंही तशीच मोजायचे. पहिलं नाव आलं की ओठातल्या ओठात 'लाभ', मग दोन, तीन, चार. एखाद्या दिवशी मध्येच मोजणं थांबायचं. मामा "बरं हाय" म्हणायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. त्या दिवशी ते खुशीत असायचे, मामींना चहा सांगायचे. मला वाटायचं, नावांचं माप मनासारखं भरलं असावं. आकड्यांच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

स्वभावाने मामा काळजीखोर, आणि त्यांच्या सगळ्या काळज्या त्या एका कार्यक्रमाच्या. रेडिओला पूर्वी पोस्टातून लायसन काढावं लागे. ते बंद झालं तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं, एक कटकट गेली. मामा मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत.

"लायसन न्हाई म्हंजी आपन ऐकायलाव हे सरकारला कळनार कसं?" ते मला म्हणाले.

ते पोस्टात जाऊन आले. तिथल्या बाबूने हात जोडून त्यांना परत पाठवलं. मग मामांनी रेडिओची तार घराच्या आढ्यावरून काढून मागच्या लिंबावर नेली. तार उंच असली की आपण ऐकतोय ही खबर केंद्रापर्यंत जाईल, अशी त्यांची समजूत. रेडिओ फक्त घेतो, परत काही देत नाही, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, "तुमी हिशेबातले मानूस. तुमाला जमा आन खर्च दोनच कळत्यात."

चौकातल्या कापडवाल्याने टीव्ही आणला तेव्हा सगळी गल्ली तिकडे लोटली. मामाही जाऊन आले. मी विचारलं, कसा आहे? म्हणाले, "दिसतंय सगळं. पर कोन कोठं हाय ते सांगत न्हाईत." टीव्हीबद्दल त्यांनी पुन्हा कधी चौकशी केली नाही.

विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं होती. अधूनमधून बंद पुकारला जायचा, एसट्या जागच्या जागी थांबायच्या, या गावची खबर त्या गावाला लागत नसे. अशा दिवशी मामा रेडिओजवळून हलत नसत, पण बातम्या लागल्या की बंद करत. आम्ही जमलेले लोक चिडायचो. बातम्या कानावर पडाव्यात म्हणून तर आम्ही त्यांच्याकडे आलेलो असायचो. मामा म्हणायचे, "त्याच्यात गावांचे नावं असत्यात, मानसांचे नसत्यात." आम्ही ते विक्षिप्तपणात धरलं.

मग एका सकाळी पेपरात चार ओळी छापून आल्या. रेडिओ केंद्राच्या कार्यक्रमांची फेररचना होणार, ज्यांना श्रोता उरला नाही असे जुने कार्यक्रम बंद करण्याचा विचार आहे. ही बातमी मामांना मीच वाचून दाखवली.

त्या दिवसापासून मामा रोज मला विचारायचे, "काय ऐकायलाव मुनीमजी? चालू ऱ्हातंय का न्हाई?" मला कुठून कळणार? पण त्यांच्या मते पेपर वाचणाऱ्याला सगळंच माहीत असतं. मोंढ्यात त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं ते घडलं. भर मापात त्यांनी दोनदा 'लाभ' म्हटलं. ज्याचा माल होता तो शेतकरी आणि ज्याने घेतला तो व्यापारी, दोघंही त्यांच्या अंगावर आले आणि सगळी पोती पुन्हा काट्यावर चढवावी लागली. संध्याकाळी मामा ओट्यावर बसून माझ्याकडे असं बघत राहिले, की मला काहीतरी बोलणं भाग पडलं.

मी म्हटलं, "मामा, केंद्रवाले आकडा बघणार. फर्माईशीची पत्रं भरपूर आली, तर श्रोता उरला नाही असं ते कसं म्हणतील?"

मामा तडक उठले ते पोस्टकार्डं आणायलाच.

पुढचे काही आठवडे मानवतमध्ये कोणाचं नाव सुरक्षित नव्हतं. मामांनी मोंढ्यातले हमाल घातले, आडते घातले, न्हावी घातला, शाळा घातली. विचारण्याची पद्धत नव्हती. कंडक्टर तिकीट फाडतो तसं नाव फाडायचं. मी मात्र स्पष्ट सांगितलं, की जे गाणं मी मागितलं नाही त्यावर माझं नाव नको, ते खोटं होईल. मामांनी मला कोणतं गाणं आवडतं ते विचारलं. मला कोणतंच सुचेना. मग ते म्हणाले, सुचेपर्यंत नाव राहू द्या. त्याच रविवारी माझं नाव 'आणि परिवार' सकट वाचलं गेलं. आमच्या घरात दोन दिवस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते.

गल्लीत एक माळकरी बुवा राहायचे, कीर्तन करणारे. नायिका नायकाला संध्याकाळी गच्चीवर बोलावते, अशा एका गाण्याआधी त्यांचं नाव आलं. बुवा काठी घेऊनच ओट्यावर आले.

"रंगनाथा, आरं काय मांडलंय हे? मी बोलवायलोय का कोनाला गच्चीवर?"

"बुवा, तुमाला कोन म्हनलं? ती बोलवायलीय. तुमी नुसतं ऐकायलाव."

बुवा बराच वेळ तणतणले. जाताना मात्र दारातून मागे वळून विचारून गेले, की पुन्हा नाव येणार असलं तर आधी सांगशील का, मुलीकडे निरोप धाडतो.

माणसं संपली तेव्हा एका बुधवारी निवेदिकेने शांत आवाजात वाचलं, "मानवतहून माणक्या, हरण्या आणि परिवार." ही बैलांची नावं हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गल्ली हसून लोळली. मामांच्या दारात तर साधी शेळी नव्हती. बैलांच्या नावाने फर्माईश करणं नियमात बसतं का, असं मी गंभीरपणे विचारलं. मामा म्हणाले, "घरचेच हायत," आणि सरकीचा भाव विचारायला लागले, कारण गाणं सुरू झालं होतं.

शेवटी तो रविवार आला. निवेदिकेने सुरुवातीलाच सांगितलं, की श्रोत्यांच्या पत्रांचा भरभरून प्रतिसाद मिळाला असून कार्यक्रम सुरूच राहणार आहे. ओट्यावर एकच गलका झाला. बुवांनी तर मामांच्या पाठीत थाप मारली. त्या गलक्यात पुढचं वाक्य फक्त मामांनी आणि मी ऐकलं. पत्रं इतकी येत होती की निम्मा वेळ नावं वाचण्यातच जात होता. तेव्हा पुढच्या आठवड्यापासून नावं वाचली जाणार नाहीत, त्याऐवजी श्रोत्यांना जास्त गाणी ऐकता येतील.

मामांनी रेडिओ बंद केला.

लोक पांगले तसा मी म्हटलं, "मामा, जिंकलात. गाणी वाचली, उलट वाढली."

हातातली तंबाखू मामांनी तशीच खाली टाकली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "वैजू जित्ता हाय का मेला, हे मला आता कोन सांगनार, मुनीमजी?"

वैजू म्हणजे कोण, हे मला मामींनी दारात उभं राहून सांगितलं. वैजनाथ, मामांचा धाकटा भाऊ, पालमला असतो. वडील गेल्यावर भावाभावांची वाटणी झाली. शेताची झाली, घराची झाली, भांड्यांची झाली, कोणी चकार शब्द काढला नाही. राहिला वडिलांचा एक रेडिओ. तो मलाच पाहिजे म्हणून दोघं अडून बसले. शेवटी मामा तो उचलून बाहेर पडले आणि वैजनाथ मागून ओरडला, की हा डबा घेऊन चाललास तर पुन्हा तोंड दाखवू नको. मामांनी शब्द पाळला. मानवतला येऊन मापाडी झाले. पुढे कधीतरी एका बुधवारी याच कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, पालमहून वैजनाथ ढगे आणि परिवार. वैजूने स्वतःचा रेडिओ घेतला होता.

तेव्हापासून हे चाललं होतं. वैजूचं नाव आलं की 'बरं हाय'. मामाही आपलं नाव पाठवत राहायचे, तिकडे कोणी मोजत असेल म्हणून. बंदच्या दिवसांतही त्यांचं तेवढंच चालू असायचं.

"मग सरळ एक पत्र टाका की त्याला," मी म्हटलं. "एवढी कार्डं लिहिली, त्यात एक आणखी."

मामांनी मान हलवली. "पत्र धाडलं तर आधी कोनी धाडलं, हे हुतंय. रेडिओवर आधी कोनीच न्हाई."



बुधवारी मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत घरी आलो. मामा रेडिओपुढे बसले होते. कार्यक्रमाची धून वाजली, मामांचे ओठ 'लाभ'साठी हलले आणि एकदम गाणंच सुरू झालं. ते बोलले नाहीत, मांडी बदलली नाही, आवाज कमी केला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच आख्खं गाणं ऐकलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

"हे काय हाय?" ते म्हणाले. "नुसतं गायलेत."

रविवारी सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून आमच्या दारात उभे. काखेत टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ. "चला," म्हणाले, "पालमला जायचं हाय. आज बंद-बिंद काई न्हाई, मी स्टँडवर इचारून आलोय." मागे मामी उभ्या होत्या. त्यांनी मला नुसती मान हलवून जा म्हटलं.

परभणीला एसटी बदलली, गंगाखेडला पुन्हा बदलली. रेडिओ मामांच्या मांडीवर, लहान मूल धरावं तसा. गंगाखेड सुटल्यावर त्यांचा धीर सुटायला लागला.

"तो उठून आत गेला तर?"

"तर संध्याकाळच्या गाडीने परत येऊ. मी वेळ विचारून ठेवली आहे."

"आन नसलाच तर?"

मी म्हटलं, असेल. हे मी कोणत्या आधारावर म्हटलं ते मला सांगता आलं नसतं, आणि आधाराशिवाय बोलायची मला सवय नाही. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा हात रेडिओच्या खिट्टीवर होता, पण त्यांनी रेडिओ लावला नाही.

पालमला उतरून आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. मामांची चाल इतकी मंदावली की मीच पुढे झालो. कार्यक्रमाची वेळ होती, एका घरातून जुन्या गाण्याचा बारीक आवाज येत होता. आणि गाणं चालू असतानाच एक माणूस खड्या आवाजात कोणाला तरी हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते सांगत होता.

मला घर विचारावं लागलं नाही. मामा जागीच थांबले. त्यांच्या तोंडून शब्द आला, "बरं हाय."

वैजनाथ ओसरीवर बसला होता. केस पूर्ण पांढरे, नाक थेट मामांचं. त्याने आम्हाला पाहिलं. हरभऱ्याचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. तो उठला, आणि मामांनी माझी बाही घट्ट धरली. पण वैजनाथ आत गेला नाही. त्याने बाजेवरची गोधडी सारखी केली, बसायला जागा केली.

"माणक्या-हरण्याचे नावं तूच धाडले व्हते नव्हं?" तो म्हणाला.

"हं."

"आरं दादा, बापाचे बैलं ते. त्यांला मरून किती वर्सं झाले."

"नावं कमी पडायले व्हते," मामा म्हणाले आणि बसले. टॉवेलातला रेडिओ त्यांनी मधोमध ठेवला. वैजनाथने एकदा त्याच्याकडे पाहिलं, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

तेवढ्यात गाणं संपलं. दोघंही एकदम गप्प झाले, मान थोडी रेडिओकडे झुकवून. आतमध्ये भांड्यांचा आवाजही थांबला. मीसुद्धा श्वास धरून बसलो होतो.

नावं आली नाहीत. पुढचं गाणं लागलं.

वैजनाथने आवाज कमी केला आणि दोघं एकदमच बोलायला लागले.