बेडकाच्या नसेला कूलर

ज्ञानासाठी सत्तेशी झुंजलेल्या थोर पुरुषांची यादी कोणी करायला घेतलीच, तर तीत आमच्या कॉलेजच्या रेवतकर सरांचं नाव घालावं लागेल. सत्ता म्हणजे आमचे प्राचार्य. झुंज कूलरवरून झाली.

रेवतकर सर भौतिकशास्त्र शिकवत. मूळचे नरखेडकडचे. घरची संत्र्याची बाग भावांवर सोडून ते नागपुरात क्ष-किरणांच्या नादी लागले होते. त्यांच्या डब्याला तीन पुडं असत. दोन पुडांत जेवण आणि तिसऱ्यात, मिठाच्या पाण्यात, बेडकाची नस. त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांची भाजी चाखायला कोणी मागत नसे.

नसेवर एक आवरण असतं. चरबी आणि प्रथिनांचे पातळ थर, एकावर एक गुंडाळलेले, कांद्यासारखे. कॉलेजातल्या कुठल्याच सूक्ष्मदर्शकाला ते दिसणारे नव्हते. पण त्यांतून क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांत वळून बाहेर पडतात आणि मागच्या फिल्मवर रेघा उमटतात. रेघांमधल्या अंतरावरून थरांची जाडी काढता येते. किरण मात्र दिवसभर चालू हवेत, आणि तोवर नस ओली हवी.

"वाळलं की गेलं," सर म्हणत. फळा पुसायचं फडकं, डब्यातली पोळी, प्राचार्यांचं भाषण, सगळ्यांवर त्यांचा हाच अभिप्राय. एका सहकाऱ्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या कानात आशीर्वाद म्हणून हेच सांगितलं.

"सर, बेडकाच्या नसेतून मिळणार काय?" मी एकदा विचारलं.

"तू इतके वर्षं कविता शिकवून राहिला नं गा? पोट्ट्यायले काय भेटलं?"

मी विषय बदलला.

पूर्वी ते मिठाच्या स्फटिकांवर काम करत. मीठ गुणी, त्याला ओलं ठेवावं लागत नाही आणि ते डब्यातून उडीही मारत नाही. एक दिवस त्यांनी मीठ सोडलं आणि बेडूक धरला. का, ते कोणी विचारलं नाही. विक्षिप्त माणसाच्या वागण्याला कारण नसतं, अशी आम्हा विद्वानांची सोयीची समजूत असते.

सरांचा हा क्ष-किरणांचा कॅमेरा तयार झाला तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर. नस ज्या काचेच्या नळीत ठेवत, तिचं तोंड मेणानं बंद केलेलं असे. नागपुरात एप्रिलातच माणसंसुद्धा आकार सोडतात, तिथं मेणाचं काय! मेण पाघळे, पाणी उडून जाई, नस वाळे.

"थंडीत करा," मी म्हणालो.

"थंडीपर्यंत टाइम नाही गा."

कॉलेजात कूलर एकच, प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्य मुंबईला गेले, तसा सरांनी तो हातगाडीवर घालून प्रयोगशाळेत आणला. परतल्यावर प्राचार्य थेट प्रयोगशाळेच्या दारात.

"बेडकाला कूलर आणि मला पंखा?"

"साहेब, तुमी वाळले तर पंधरा दिवस कोणाच्या ध्यानात नाही येणार. नस घंट्याभरात वाळते."

प्राचार्य क्ष-किरणांना भीत. उंबरठा न ओलांडता जेवढं ओरडता येतं तेवढं ते ओरडले आणि गेले.

मग कोणा पाहुण्यांचा सत्कार निघाला. कॅमेरा चालू होता, सर वर्गावर होते. शिपायांनी कूलर उचलून सभागृहात नेला. पाहुणे 'विज्ञाननिष्ठ व्हा' या विषयावर बोलले. कूलरच्या वाऱ्यानं त्यांच्या गळ्यातला हार छान हलत होता.

सर परतले तेव्हा मेण टेबलावर उतरलं होतं. त्यांनी तरीही फिल्म धुतली. सगळी करडी. रेघ एकही नाही.

"वाळलं," सर म्हणाले. पुढचे दोन शब्द म्हणालेच नाहीत.

त्यांच्यानं सायकल धरवेना, म्हणून मी त्यांना रिक्षानं घरी नेलं. धंतोलीत, दवाखान्यांच्या गर्दीत, दोन खोल्या. हा माणूस इथं का राहतो याचं मला नेहमी नवल वाटे. बाहेरच्या खोलीत वहिनी खाटेवर पडून होत्या.

"कोण आलं जी?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं त्यांच्या समोरच उभे होतो.

"मी हाय वं. संगं कॉलेजचे सर हायेत."

"आला का फोटो?"

"उद्या येते," म्हणून सर पाणी आणायला आत गेले.

वहिनी हळू आवाजात मला म्हणाल्या, "पाय गेले माहे. आता डोळेही चालले. डॉक्टर म्हणे, नसांवरचं कव्हर झिजून राहिलं. यायनं म्हटलं, दाखवा मले ते कव्हर. डॉक्टर म्हणे, दाखवता नाही येत. तवापासून हे मीठ सोडून बेडकाच्या मागं लागले. म्हणते, तुले दिसते तोवर दाखवतो." त्या हसल्या. "मी म्हटलं, पाहून काय करू जी? तर म्हणते, आपलं काय गेलं, ते एकदा पाह्यलं तं पाहिजे नं."

फोटो डिसेंबरात आला. कूलर लागलाच नाही. थंडीत मेण आपसूक घट्ट राहिलं. रेघा इतक्या स्वच्छ की मलासुद्धा मोजता आल्या. सरांबरोबर मीही घरी गेलो.

तोवर वहिनींना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. सरांनी खाटेच्या काठावर बसून त्यांचं बोट धरलं आणि फिल्मवर टेकवलं.

"ही पह्यली रेघ. ही दुसरी. कशी बरोबर अंतरावर हाय, पाह्य वं."

वहिनींनी बोट बराच वेळ तिथंच ठेवलं.

"सरळ हाय जी," त्या म्हणाल्या. "चांगली सरळ हाय."

क्ष-किरणांची फिल्म हाताला सगळीकडे सारखीच गुळगुळीत लागते.